मार खाल्लेल्या पोराची साक्ष

डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ साली ‘ग्रंथाली’ने प्रकाशित केले. तेव्हापासून ते ‘उपरा’ (१९८०), ‘अक्करमाशी’ (१९८४), ‘उचल्या’ (१९८७) यांच्या रांगेत वाचले जाते. ते योग्यच आहे. पण त्या वाचनात एक गोष्ट निसटते. शीर्षकातल्या ‘कोल्हाटी’ या शब्दावर आपण भरपूर लिहिले, ‘पोर’ मात्र दुर्लक्षित राहिले. हे पुस्तक घरातच छळ सोसलेल्या मुलाची साक्ष आहे, एवढेच मला येथे मांडायचे आहे.

‘उचल्या’मध्ये पोलिसांचा मार आहे, म्हणजे तो बाहेरून येतो. काळे यांना मार बसला तो घरात, आणि त्यामागे घराचे अर्थकारण होते. तमाशात नाचणाऱ्या मुलीच्या कमाईवर बाप-भाऊ बसून खात. ‘चिरा उतरणे’ या विधीने तिचा सौदा होई. होणाऱ्या लेकरांना बापाचे नाव नसे. पुढे एखाद्या पुरुषाने तिला कायमची ठेवली, तर घराची मिळकत थांबे आणि मागे राहिलेले मूल केवळ खाणारे तोंड ठरे. काळे आजोळी वाढले ते असे. पुढे सोनपेठला आईजवळ गेल्यावरही राबणे आणि मार सुटला नाही. म्हणून या छळाला एका माणसाचा तापट स्वभाव हे कारण पुरत नाही. त्या घरात प्रत्येकाची किंमत त्याच्या कमाईवर ठरत होती.

याच सुमारास, १९९५ साली, अमेरिकेत डेव्ह पेल्झर यांचे ‘अ चाइल्ड कॉल्ड इट’ आले. शिक्षकांनी कळवल्यामुळे १९७३ साली आपण आईच्या तावडीतून सुटलो, असे ते सांगतात. तिथे घर क्रूर असले तरी बाहेरची व्यवस्था धावून आली. काळे यांच्यासाठी बाहेरचे जगही बापाचे नाव विचारणारेच होते. त्यांनी आईचे नाव मधोमध लावले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होईपर्यंत तेच वागवले.

मी शहापूर-मुरबाडकडचा. आमच्याकडची अनेक कातकरी कुटुंबे पावसाळ्यात उचल घेतात आणि दिवाळीनंतर ती फेडायला वीटभट्टीवर जातात. उचल जोडप्याच्या नावावर असते. पण विटा उलटायला, रचायला पोरांचे हातही धरलेले असतात. जमात वेगळी, धंदा वेगळा. तरी मुलाचे मोल कामावरून ठरण्याची रीत तीच. इथल्या काही तरुणांबरोबर मी हे पुस्तक वाचले. त्यांनी जातीबद्दल काही विचारले नाही. “आईनं त्याला ठेवून का गेली?” एवढेच एकाने विचारले आणि बाकीचे गप्प झाले.

या प्रश्नाला पुस्तक सरळ उत्तर देत नाही, यातच त्याचे बळ आहे. आईवरचा राग काळे लपवत नाहीत, पण तिला गुन्हेगारही ठरवत नाहीत. तीही लहानपणीच विकली गेलेली. राग आणि माया एकाच वाक्यात ठेवता येतात, हे छळ सोसलेल्या मुलाला कुणीतरी सांगावे लागते. नाहीतर आईचा अपमान होईल या भीतीने ते तोंडच उघडत नाही.

फेब्रुवारी २००७ मध्ये काळे अपघातात गेले. त्याच वर्षी केंद्र सरकारचा बाल-अत्याचारविषयक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या पाहणीत दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक मार सोसल्याचे आढळले. २०१२ मध्ये ‘पॉक्सो’ कायदा आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारने आईचे नाव अनिवार्य केले. काळे यांनी ते तीस वर्षे आधीच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले होते.

कायदा तक्रार नोंदवून घेतो. पण ती करायला मुलाजवळ शब्द हवेत, आणि घरचे सांगणे म्हणजे घर बुडवणे नव्हे हा विश्वास हवा. आश्रमशाळांच्या कपाटांत हे पुस्तक ‘समाजशास्त्र’ म्हणून ठेवू नये. ते मुलांच्या हाताला लागेल असे ठेवावे, आणि वाचून झाल्यावर ऐकायला एक मोठे माणूस जवळ असावे.