माणिक घ्यावयाचे तर



बोनस, महागाईभत्ता आणि किमान वेतन या विषयांवर बोलण्याची आम्हांला सवय आहे. रत्ने हा काही आमचा विषय नव्हे. आमच्या हाती आजवर लाल झेंडा आला, लाल खडा कधी आला नाही. तथापि यंदा हा विषय आम्ही आपण होऊन मागून घेतला, त्यास एक कारण घडले.

आमच्या संघटनेचा एक जुना सभासद, साखर कारखान्यातला हंगामी कामगार, एके दिवशी कचेरीत आला आणि कागदाची पुडी आमच्या मेजावर ठेवून म्हणाला, “भाऊ, दावा लावा.” पुडीत एक लाल खडा होता. त्यावर जाळ्यासारख्या बारीक चिरा पडलेल्या. मुलाला नोकरी लागत नव्हती, म्हणून कोणी तरी सव्वापाच रत्तींचे माणिक सोन्यात घालावयास सांगितले होते. बोनसची रक्कम पुरली नाही, तेव्हा पतपेढीचे कर्ज काढून अंगठी घेतली. ती बोटात घट्ट झाली, म्हणून गावच्या सोनाराकडे वाढवावयास दिली. त्याने आच दिली आणि खडा तडकला. आम्ही पावती मागितली. पावतीवर सोन्याचे वजन होते, कस होता, मजुरी होती आणि शेवटी तीन शब्द होते : ‘लाल खडा १’. माणिक हा शब्द कोठेच नव्हता. दुकानदार म्हणाला, आम्ही लाल खडाच विकला. पुढे आम्हांला काही करता आले नाही.

तीस वर्षे करारांची कलमे वाचण्यात घालविलेल्या माणसाला ही गोष्ट लागली. मग आम्ही जिल्हा वाचनालयातून पुस्तके आणली, नगरच्या जुन्या सराफांपाशी जाऊन बसलो आणि जे समजले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. ग्रहाचा खडा घालावा की नाही हा वाद आज नको. कोणी श्रद्धेने घेतो, कोणी हौसेने घेतो. दोघांचेही पैसे घामाचेच असतात.

प्रथम माणिक म्हणजे काय ते पाहू. आपण सुरीला धार लावतो तो कुरुंद आणि माणिक हे एकाच कुळातले. दोन्ही म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचा संयोग. त्यात क्रोमियमचा अंश शिरला आणि खडा पारदर्शक झाला की त्याचे माणिक होते. हीच वस्तू निळी असली तर नीलम. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पद्मरागाच्या उगमांमध्ये ‘कुरुविंद’ हे नाव आलेले आहे, आणि इंग्रजांनी या खनिजाला दिलेले ‘कोरंडम’ हे नावही आपल्याच देशातून गेलेले आहे. कठिणपणात हिऱ्याचे दहा गुण धरले तर माणिकाचे नऊ. उत्तम माणिक ब्रह्मदेशातील मोगोकचे, अशी जुनी ख्याती. २००९ नंतर आफ्रिकेतील मोझांबिकमध्ये मोठ्या खाणी सापडल्या आणि बाजारातला बराच माल तिकडून येऊ लागला. कर्नाटकात आणि ओडिशात माणिक निघते, पण त्यातले पुष्कळसे अपारदर्शक असते. आपल्या जिल्ह्याच्या काळ्या पाषाणात राहुरीकडे सुंदर स्फटिक मिळतात, पण ते निराळ्या जातीचे. माणिक त्यात नाही.

आता बाजारात ‘माणिक’ या एका नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली, खाणीतून निघालेले आणि केवळ पैलू पाडलेले माणिक. चांगल्या रंगाचे असेल तर ते कामगाराच्या आवाक्यातले नाही. २०२३ साली मोझांबिकचे एक ५५.२२ कॅरटचे माणिक न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलरांना गेले, यावरून काय ते समजावे.

दुसरी, भट्टीत तापवून रंग सुधारलेले माणिक. बाजारातील बहुतेक माणिके अशीच असतात. हा संस्कार टिकाऊ आहे आणि व्यापारात मान्य आहे. मात्र तो सांगितला पाहिजे.

तिसरी, काचभरले माणिक. भेगांनी भरलेला, एरवी टाकून द्यावयाचा खडा घेतात आणि त्याच्या भेगांत शिसेयुक्त काच वितळवून भरतात. खडा एकदम पारदर्शक दिसू लागतो. २००४ च्या सुमारास हा माल बाजारात आला आणि झपाट्याने पसरला. सोनाराची आच, लिंबाचा रस, धुण्याचा सोडा यांपैकी कशानेही त्यातली काच बिघडते. आमच्या सभासदाची पुडी ती हीच. याची किंमत कॅरटला काही शेकडे रुपये असावयाची. ती माणिकाच्या भावाने घेतली जाते.

चौथी, कारखान्यात केलेले माणिक. व्हेर्नय नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली याची रीत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी दोन हजार अंशांहून अधिक तापलेल्या ज्योतीतून खाली सोडतात आणि थेंबाथेंबाने खडा वाढतो. द्रव्य तेच, कठिणपणा तोच, किंमत मात्र फार थोडी. घड्याळांत ‘ज्वेल’ म्हणून बसवितात ते हेच. ही वस्तू खोटी नव्हे. ती खाणीतली म्हणून विकणे हे खोटे.

याशिवाय लाल रंगाचे खरे, पण दुसऱ्या जातीचे खडे आहेत. लालडी, म्हणजे स्पिनेल, हा असा फसवा खडा की ब्रिटनच्या राजमुकुटातील प्रसिद्ध ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ प्रत्यक्षात लालडी आहे. राजेरजवाडे फसले तेथे आपण फसलो तर लाज मानण्याचे कारण नाही. पण चांगली लाल लालडीही आता स्वस्त राहिलेली नाही. आपल्या खिशाला परवडतो तो तामडा. हा राजस्थानात आणि ओडिशात निघतो, आणि साधा लाल तामडा कॅरटला काही शेकड्यांत मिळतो. त्याचा रंग जरा काळपट. म्हणून घेताना लहान आणि पातळ घ्यावा, म्हणजे उजेड आरपार जातो. त्याचा कठिणपणा सुमारे सात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, त्यांचाही सातच. म्हणून यंत्रावर काम करणाऱ्याने रोज बोटात घातला तर दोनचार वर्षांत कडा झिजतात. कानात किंवा गळ्यात घातला तर तो पुष्कळ टिकतो.

येथे वजनाचा घोटाळा समजून घ्या. कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, हे जगभर ठरलेले आहे. रत्ती मात्र दोन आहेत : रत्नांच्या बाजारातली पक्की रत्ती सुमारे १८२ मिलिग्रॅम आणि सोनाराची जुनी रत्ती सुमारे १२१. भाव एका रत्तीने सांगावयाचा आणि तोलावयाचे दुसरीने, हा जुना खेळ आहे. म्हणून वजन कॅरटमध्येच लिहून मागावे. दुसरे असे की, खडा दुप्पट मोठा झाला की किंमत दुप्पट होऊन थांबत नाही. ती कित्येक पट चढते, कारण मोठे स्वच्छ माणिक फार दुर्मिळ. सव्वापाच पक्क्या रत्ती म्हणजे पावणेपाच कॅरटांहून अधिक. एवढे खरे आणि स्वच्छ माणिक बोनसच्या पैशांत येणे शक्य नाही. तेव्हा गरिबाला एवढे वजन सांगणे म्हणजे त्याला एक तर कर्जात किंवा काचभरल्या खड्यात ढकलणे होय. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असेल असे आम्ही म्हणत नाही; हिशेब मात्र असाच आहे.

घरच्या घरी काय पाहता येईल? दहापट मोठे दाखविणारे भिंग घ्या. आत गोल बुडबुडे दिसले, किंवा खडा हलविताना भेगांतून निळी चमक आली, तर काचेचा संशय धरा. कमानीसारख्या वक्र रेषा दिसल्या तर खडा कारखान्यातला. बारीक पण जोरदार लोहचुंबकाकडे तामडा किंचित ओढला जातो, माणिक सहसा नाही. खडा घासून पाहण्याच्या फंदात पडू नका. त्याने खरा खडाही खराब होतो. आणि या परीक्षांनी केवळ संशय येतो, निर्णय होत नाही. निर्णय प्रयोगशाळेचा. मुंबईस आणि जयपुरास अशा प्रयोगशाळा आहेत. त्यांच्या दाखल्यावर ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचून थांबू नका; खाली शेरा असतो, त्यात तापविले की काच भरली ते लिहिलेले असते. काचभरल्या खड्यातही नैसर्गिक अंश असतोच!

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. जून २०२१ पासून दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो छाप सोन्याच्या शुद्धतेचा आहे, खड्याचा नव्हे. अंगठी गहाण ठेवताना खड्याचे वजन वजा होते आणि मोडताना त्याचे बहुधा काहीच येत नाही. म्हणून खड्यात घातलेला पैसा शिल्लक समजू नये. तो खर्च झाला असे धरूनच घालावा.

तेव्हा आमचे सांगणे थोडक्यात असे. दुकानाची पायरी चढण्यापूर्वी रक्कम ठरवा आणि तीत कर्ज धरू नका. माणिकच हवे असेल तर अर्ध्या कॅरटच्या आतले, तापविलेले, पण काच न भरलेले घ्या. मोठा खडा हवा असेल तर तामडा घ्या. रंग आणि टिकाऊपणा दोन्ही हवे असतील तर कारखान्यातले माणिक उघडपणे, कारखान्यातले म्हणून घ्या. आणि पावतीवर खड्याची जात, नैसर्गिक की कृत्रिम, कोणता संस्कार, कॅरटमध्ये वजन आणि खड्याची वेगळी किंमत ही पाच कलमे लिहून घ्या. दाखला उलट आला तर पैसे परत, हेही लिहा. जो दुकानदार एवढे लिहावयास नाकारतो त्याचे उत्तर तेथेच मिळाले. एवढा कागद हाती असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगापुढे उभे राहता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास तेथे शुल्कही लागत नाही.

आमच्या सभासदाने तो तडकलेला खडा परत नेला नाही. तो कचेरीतच आहे. कोणी खडा घ्यावयास निघाला की आम्ही त्याला तो दाखवितो, शेजारी ती पावती ठेवतो आणि शेवटचे तीन शब्द मोठ्याने वाचावयास सांगतो. पतपेढीचे हप्ते मात्र त्याने शेवटपर्यंत फेडले.