बारा ग्रॅम कलेजी

वजडी धुऊ नका म्हणणारं गिऱ्हाईक मटणवाल्याला रोज भेटत नाही. बोकडाची वजडी गरम पाण्यात घालायची, चुना लावायचा, खरवडून पांढरी करायची, हे इतकं किचकट काम की दुकानात ते करून मिळतं म्हणूनच निम्मे लोक वजडी घेतात. मीरा-भाईंदरमधल्या काशीगावातल्या एका दुकानात रविवारच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाई मात्र म्हणाल्या, "चाचा, हिरवीच राहू द्या. नुसती झटका."

चाचांनी मान वर न करता पोऱ्याला सांगितलं, "इनका कुत्तेवाला है. अलग थैली."

मग बाईंनी कलेजी घेतली, गुर्दा घेतला, तिल्ली घेतली. थैलीला येणारा वास मटणाचा नव्हता. अर्धवट पचलेल्या पाल्याचा, आंबूस, ओल्या गोठ्यातला होता. एवढं सगळं कुत्रा खातो का, असं मी विचारलं. "एवढं नाही हो," त्या म्हणाल्या, "दिवसाला २४० ग्रॅम." हा आकडा त्यांनी असा सांगितला की मला त्यांच्या घरी जाऊन ते बघावंसं वाटलं.

घर गावठाणाच्या कडेला उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये. खाली हायवे, त्यावर मेट्रो ९ चे खांब. कुत्र्याचं नाव चिकू. पांढरा, झुपकेदार शेपटीचा, ज्याला आपण सगळे पॉमेरियन म्हणतो तो, म्हणजे खरा इंडियन स्पिट्झ. वजन आठ किलो. आठ किलोचे तीन टक्के म्हणजे २४०.

चिकूच्या नखऱ्यांची यादी घरातल्या प्रत्येकाकडे वेगळी आहे. महागड्या पाकिटातल्या गोळ्या तो हुंगून निघून जायचा. चिकन-भातातलं चिकन वेचायचा आणि भात वाटीभर जमिनीवर पसरवायचा. दहीभात खायचा, पण सासूबाईंनी हाताने भरवला तरच. अंड्याचा पिवळा बलक चालायचा, पांढरं नाही. दोन-दोन दिवस उपाशी राहायचा, मग पित्त ओकायचा. शेवटी बाईंच्या हाती कच्च्या आहाराची पद्धत लागली. तिचा गाजावाजा इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याच्या १९९३ सालच्या पुस्तकापासून झाला. कुत्रा हा मुळात लांडगाच, त्याला हाडामांसाचंच द्या, असा त्याचा रोख.

तिकडच्या तक्त्यांत गोमांस सर्रास असतं. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी, तेव्हा बाईंचा सगळा हिशोब बोकड, कोंबडी आणि मासळीवर. २४० ग्रॅमचे ८० टक्के मांस म्हणजे १९२. दहा टक्के हाड, २४ ग्रॅम. ते कोंबडीच्या मानेतून आणि पंजातून येतं. उरलेल्या दहा टक्क्यांत निम्मी कलेजी, निम्मा गुर्दा किंवा तिल्ली. म्हणजे बारा ग्रॅम आणि बारा ग्रॅम.

कलेजीचे ते बारा ग्रॅम मी विसरू शकत नाही. कलेजीत अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज जास्त गेली तर ते अंगात साठून कुत्र्याची हाडं बिघडतात. म्हणून बाई कलेजी मिक्सरमधून काढतात आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओततात. ट्रे काट्यावर, काटा शून्यावर, मग चमच्याने एकेक खण. तेरा झाले तर थेंबभर परत काढायचं. ज्या घरात आमटीचं मीठ अंदाजाने पडतं, त्या घरात लालसर तपकिरी बर्फाचे हे खडे सोनाराच्या निगुतीने भरले जात होते.

बाकीचं काम सरळ आहे: तुकडे, डबे, चिकटपट्टीवर तारीख, फ्रीझर. फ्रीझर वेगळा, बाल्कनीत. शेजारी दोन्ही बाजूंना शाकाहारी कुटुंबं. मीरा-भाईंदर महापालिकेने २०१५ साली पर्युषणात मांसविक्रीवर आठ दिवसांची बंदी घातली होती, तेव्हा राज्यभर वाद पेटला होता. या शहरात मटणाची थैली लिफ्टमधून नेताना माणूस आपोआप ती अंगामागे धरतो. हिरव्या वजडीचा वास मात्र अंगामागे धरता येत नाही. बाई ती रात्री, दोन पिशव्यांत, जिन्याने नेतात. श्रावणात त्यांच्या घरात मटण-मासळी बंद, पण बाल्कनीतला फ्रीझर श्रावण पाळत नाही. सोमवारी सासूबाई बाल्कनीत पाऊल टाकत नाहीत, तुळशीला पाणी सूनच घालते.

मासळी आठवड्यातून दोनदा. ती उत्तन-चौकच्या बाजूने येते. मांदेली कुत्र्यासाठी आहे हे कळल्यावर कोळीण मावशींनी वाटा लावताना विचारलं होतं, "मानसांना मिलत नाय नी तू कुत्र्याला देतंस गो बाय?" आणि मग वाट्यावर दोन जास्तच टाकल्या होत्या. मांदेली डोक्यासकट, काट्यासकट जाते. दोनदाच, कारण तारली-मांदेलीच्या कुळातल्या बऱ्याच माशांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं. शिजवलं की ते निकामी होतं. कच्ची मासळी रोज दिली तर कुत्र्याला ब-१ कमी पडून झटके येऊ शकतात. शिवाय मासळी आधी सात दिवस गोठवायची, कृमींसाठी. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्याची बेगमी मे महिन्यात.

इथपर्यंत मला बाईंचं कौतुकच वाटत होतं. पण चाचांच्या दुकानात मी पुन्हा गेलो, तेव्हा पोऱ्या एक फुफ्फुस साफ करत होता. त्यात लिंबाएवढी, पाण्याने भरलेली पांढुरकी गाठ होती. त्याने ती सुरीने कापून फळीखाली टाकली. खाली तीन कुत्री वाटच बघत होती.

ती गाठ हायडॅटिडची असू शकते, असं चिकूच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. एका बारीक फीतकृमीची पिल्लं शेळ्या-मेंढ्यांच्या यकृतात, फुफ्फुसात अशा गाठी करून राहतात. कुत्र्याने त्या कच्च्या खाल्ल्या की कृमी त्याच्या आतड्यात वाढतो, कुत्रा दिसायला ठणठणीत, पण त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात तशीच गाठ. खोल गोठवण्याने हा कृमी मरतो. साल्मोनेला मात्र मरत नाही, तो फ्रीझरमध्ये नुसता झोपतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ पासून कच्च्या मांसाहाराविरुद्ध सल्ला दिलाय तो मुख्यतः यासाठी: कुत्रा निभावून नेतो, पण त्याने चाटलेला हात लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या ताटात जातो. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, तेव्हाही संशय आधी त्यांच्या खाण्यावर गेला होता. वाघाला कच्च्याशिवाय पर्याय नाही. चिकूला आहे.

लांडग्याचं म्हणाल, तर २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याच्या जनुकांत पिष्ट पचवायची सोय लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. माणसाच्या उष्ट्या भाकरीवर हजारो वर्षं काढून तो कुत्रा झाला. चिकूचा भात नाकारणं हे लांडगेपण नव्हतं, लाड होते.

हे मी म्हणतोय ते त्याचं जेवण बघून. संध्याकाळी सात. वाटी खाली. चिकू आला, वाटी हुंगून बाजूला बसला. बाईंनी घड्याळ बघितलं. पंधरा मिनिटं, मग वाटी उचलायची, हा नियम. शेवटी चिकू उठला. आधी कोंबडीची मान कडाकडा मोडली, मग मांस, मग कलेजीचा वितळलेला खडा. तिल्ली त्याने जिभेने उचलून फरशीवर ठेवली. तेवढ्यात बाईंचा मुलगा पार्ले-जीचा पुडा घेऊन आला आणि आईची नजर बघून तसाच परत गेला. सासूबाईंचे हात मांडीवर.

कच्च्याने चिकू सुधारला, असं घरात सगळे म्हणतात. मला वाटतं, काट्याने सुधारला. २४० ग्रॅमचा हिशोब आला आणि पाच माणसांचे पाच चोरटे घास बंद झाले. दोन जेवणांच्या मधे भूक लागायला जागा झाली. तेच २४० ग्रॅम उकडून दिले असते तरी त्याने खाल्ले असते, अशी माझी पक्की शंका आहे.

डॉक्टरांचीही तीच सूचना होती: सगळं उकडा, हाड पूर्ण बंद करा, कारण शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं, आणि हाडाच्या कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड घाला. बाईंनी आधी वाद घातला. मग सासूबाईंचं वय सत्तरीपुढचं आहे हे डॉक्टरांनी काढलं, तेव्हा त्या गप्प झाल्या. आता नाक्यावरच्या अंडा-बुर्जीच्या गाडीवरून टरफलं येतात, धुऊन तव्यावर भाजली जातात. हिरवी वजडी बंद झाली. चाचांच्या पोऱ्याला त्याचं वाईट वाटलं, कारण त्या एकाच गिऱ्हाइकाची वजडी साफ करावी लागत नव्हती.

अडचण हिशोबाची आहे. उकडलं की मांसातलं पाणी जातं, मग २४० ग्रॅम कच्चं धरायचं की शिजलेलं? बाई वहीत दोन रकाने आखून रोज दोन्ही वजनं लिहितात. सासूबाईंनी मात्र शिजवायचं ठरल्या दिवशीच विचारून घेतलं, "म्हणजे आता मी दहीभात भरवला तर चालेल ना?"

"चालेल," बाई म्हणाल्या, "पण आधी काट्यावर ठेवा."