तीस सप्टेंबरचा ताळेबंद

डब्लिनमध्ये नव्यानं आलेल्या मराठी मंडळींचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. आधी भाड्याचं घर, मग मुलांची शाळा, मग चपात्यांसाठी कणीक कुठली चांगली. दोन-तीन वर्षं झाली, पगारातले चार पैसे मागे पडायला लागले, की पुढचा प्रश्न येतो, ''इथं आपल्या एसआयपीसारखं काही आहे का रे?''

आहे, पण आयर्लंडचा कर त्यातली मजा घालवतो. ईटीएफच्या नफ्यावर वर्षानुवर्षं ४१ टक्के कर होता, तो २०२६ पासून ३८ झालाय. शिवाय दर आठ वर्षांनी, तुम्ही काहीही विकलेलं नसलं तरी, विकलं असं धरून कर भरायचा! थेट एखाद्या कंपनीचा शेअर घेतला तर विकताना नफ्यावर ३३ टक्के, त्यातही वर्षाचे पहिले १,२७० युरो माफ. (लाभांश उत्पन्नात धरतात, ते दुखणं वेगळं.) त्यामुळे एकेक शेअर निवडत बसू नकोस, असं नवख्या माणसाला जगभर सांगतात आणि इथं तोच नवखा माणूस एकेक शेअर निवडत बसतो. मीही त्यातलाच. म्हणून गेली काही वर्षं रविवारी सकाळी चहाबरोबर मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो. बायकोच्या मते याला छंद म्हणणं धाडसाचं आहे.

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला डेबिट-क्रेडिट कुणी शिकवलं नव्हतं. पण वार्षिक अहवाल ही वस्तू अगदीच अनोळखी नव्हती. आजोबा सहकारी साखर कारखान्याचे सभासद, त्यामुळे घरी दरवर्षी अहवाल यायचा. पुढच्या पानांवर चेअरमन आणि संचालकांचे फोटो, मग गाळप किती, उतारा किती, आणि शेवटी बारीक आकड्यांचे तक्ते. ते तक्ते कुणी वाचल्याचं मला आठवत नाही. सभेत विषय वाचून व्हायच्या आधीच 'मंजूर, मंजूर' असा गजर व्हायचा. इथं केरी ग्रुपचा अहवाल पहिल्यांदा उघडला तेव्हा तोच कारखाना आठवला. ही कंपनी १९७२ मध्ये लिस्टोवेल गावच्या दूध प्रक्रिया प्रकल्पातून सुरू झाली, पुढे शेतकऱ्यांची सहकारी संस्था झाली आणि १९८६ मध्ये शेअर बाजारात आली. आता ती जगभर व्यवसाय करते, पण अहवालाची मांडणी तीच. पुढे फोटो, मागे आकडे.

म्हणून माझा पहिला सल्ला, अहवाल मागून वाचा. पुढची पानं कंपनीला जे सांगायचंय त्यासाठी असतात. मागची, कायद्यानं जे सांगावंच लागतं त्यासाठी.

सुरुवातीला आपण गिऱ्हाईक म्हणून ओळखतो अशी कंपनी घ्यावी. मी रायनएअर घेतली. तिचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच ३१ मार्चला संपतं, तेवढंच घरच्यासारखं वाटतं. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तिनं २० कोटी प्रवासी नेले, आधीच्या वर्षापेक्षा ९ टक्के जास्त. मथळा एवढाच वाचला तर शेअर घ्यावासा वाटेल. पण करोत्तर नफा १६ टक्क्यांनी घसरून १.६१ अब्ज युरोवर आला, कारण सरासरी भाडं ७ टक्क्यांनी उतरलं होतं. भागाकार करून बघा, माणशी नफा जेमतेम ८ युरो. एअरपोर्टवर एका सँडविचला तेवढे लागतात. आणि जवळपास १४ अब्जांच्या उत्पन्नात ४.७२ अब्ज तिकिटाचे नाहीतच. ते बॅगा, सीट निवडणं, विमानातली विक्री यांचे आहेत. बॅगेच्या मापावरून गेटपाशी जी हुज्जत चालते, ती कंपनीच्या एक तृतीयांश धंद्याचा भाग आहे हे कळलं, तेव्हा राग गेला नाही, पण हिशोब समजला.

दुसरी सवय धंद्यातूनच आली. आम्ही कोड तपासताना आख्खी फाइल वाचत नाही, काल आणि आज यांत काय बदललं ते बघतो. तसे मागच्या आणि यंदाच्या अहवालातले हिशोबाच्या पद्धतींचे परिच्छेद शेजारी ठेवायचे. विमानाचं आयुष्य जास्त वर्षांचं धरलं, उत्पन्न कधी मोजायचं याचा नियम बदलला, तर नफा हलतो आणि धंदा आहे तिथंच असतो. मग रोख प्रवाहाचं पत्रक. नफा दरवर्षी वाढतोय पण धंद्यातून रोकड येत नाही, असं सलग दोन-तीन वर्षं दिसलं की मी फाइल बंद करतो. मग बाकीचं कितीही छान असो.

आणि ताळेबंद? त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण नफा-तोटा पत्रक वर्षभराचं असतं, ताळेबंद एका दिवसाचा. घरी पाहुणे येणार त्या दिवशी काढलेल्या दिवाणखान्याच्या फोटोसारखा. हे डब्लिनकरांना समजवावं लागत नाही. लिफी नदीकाठी नॉर्थ वॉल कीवर आयर्लंडच्या सेंट्रल बँकेची मोठी इमारत आहे. ती मुळात अँग्लो आयरिश बँक स्वतःचं मुख्यालय म्हणून बांधत होती. बँक बुडाली, काँक्रीटचा सांगाडा काही वर्षं तसाच उभा होता. २०१२ मध्ये तो सेंट्रल बँकेनं घेतला आणि २०१७ मध्ये ती तिथं राहायला गेली.

अँग्लोचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपायचं. बँकेचे सर्वेसर्वा शॉन फिट्झपॅट्रिक यांनी स्वतःच्याच बँकेकडून मोठी कर्जं घेतली होती. वर्षअखेर जवळ आली की ती तात्पुरती आयरिश नेशनवाइड या दुसऱ्या संस्थेकडे जात आणि तारीख उलटली की परत येत. असं आठ वर्षं चाललं. त्यामुळे अहवालातल्या संचालकांच्या कर्जाच्या टिपेत ती दिसायचीच नाहीत. डिसेंबर २००८ मध्ये ८.७ कोटी युरोंचा आकडा बाहेर आला आणि त्यांनी अध्यक्षपद सोडलं. (लेखापरीक्षकांची दिशाभूल केल्याच्या आरोपातून २०१७ मध्ये न्यायालयानं त्यांना मुक्त केलं, हेही सांगितलं पाहिजे.) २००८ च्या वर्षअखेरीला तर आणखी मोठा प्रकार झाला. अँग्लोनं आयरिश लाइफ अँड पर्मनंटला पैसे दिले आणि त्याच गटातल्या विमा कंपनीनं ते ग्राहकाची ठेव म्हणून अँग्लोत परत ठेवले. ७.२ अब्ज युरो! ठेवी कागदावर फुगल्या. या प्रकरणात बँकेचे मुख्याधिकारी डेव्हिड ड्रम यांना २०१८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या वर्षीच्या अहवालात करपूर्व नफा ७८.४ कोटी युरो होता. जानेवारी २००९ मध्ये सरकारला बँक ताब्यात घ्यावी लागली, करदात्यांचे सुमारे २९ अब्ज युरो त्यात गेले.

तारीख लक्षात ठेवा, ३० सप्टेंबर २००८. कारण आपल्या सत्यमच्या रामलिंग राजूंनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात कबुली दिली ती याच तारखेच्या ताळेबंदाची. ५,३६१ कोटी रुपये रोख आणि बँकेत दाखवलेले, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. आठ दिवसांनी, १५ जानेवारीला, अँग्लोच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा झाली. मी तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला होतो. कॅम्पसमधून सत्यमचं पत्र मिळालेल्या सीनियर पोरांचे त्या संध्याकाळचे चेहरे आठवतात. त्यांच्यातल्या कुणी ताळेबंद वाचला नव्हता, आणि वाचला असता तरी काय? खाली लेखापरीक्षकांची सही होती. अँग्लोच्याही होती.

मग वाचून उपयोग काय, असं माझ्या ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्यानं विचारलं. त्याच्या वडिलांनी निवृत्तीची पुंजी बँकांच्या शेअरमध्ये ठेवली होती. त्या पिढीत बँकेचा शेअर म्हणजे आपल्याकडची पोस्टातली ठेव. प्रश्न रास्त आहे. संचालकांची लपवलेली कर्जं किंवा ७.२ अब्जांचा फेरा घरी बसून कुणालाच दिसला नसता. पण अँग्लोची कर्जं किती वेगानं वाढताहेत आणि त्यातली बहुतेक बिल्डर आणि व्यापारी जागांमध्ये अडकलीत, हे लपवलेलं नव्हतं. उलट अभिमानानं छापलेलं होतं. एकाच धंद्यात सगळं कर्ज, तेही दुसऱ्यांच्या ठेवींवर आणि उसन्या पैशावर. तेवढं वाचायला सीए लागत नाही.

सहकारी म्हणाला, वडिलांकडे ते अहवाल अजून आहेत, पाकिटं न फोडलेली. पुढच्या वेळी कॉर्कला गेला की २००७ चा घेऊन येणार आहे. मला तो मागून वाचायचाय.