पैसे गेले? आधी १९३०, मग वेल्ह्याची वाट

पासलीसारख्या गावात मोबाइलवरून खात्यातले पैसे गेले, की पहिली आठवण होते वेल्ह्याच्या पोलीस ठाण्याची. ‘सकाळी उठून जाऊ’ म्हणत रात्र जाते. तेवढ्यात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरून एटीएममधून निघालेलीही असते. म्हणून आधी फोन करा, ठाण्यात नंतर जा.

१९३० वर काय होतं?

हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक. २०२१ मध्ये तो १५५२६० होता. जुन्या मेसेजमध्ये अजूनही तोच दिसेल, तो विसरा. तुमची माहिती थेट संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात पोचले असतील तिथेच रोखण्याचा प्रयत्न होतो. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. यूटीआर यूपीआय ॲपच्या हिस्टरीत सापडतो. फोन लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक जपून ठेवा, पुढे सगळीकडे तोच विचारतात.

रोखल्याने फरक पडतो?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला. ९४ कोटींहून अधिक रुपये गेले. त्यातले हाँगकाँगच्या एका बँकेत वळवलेले काही कोटी तिथे गोठवले गेले, म्हणून पुढे परत आले. एकदा रोकड झालेला पैसा असा गोठवता येत नाही.

बँकेला कळवायचं का?

त्याच दिवशी, आणि लेखी पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची नसेल आणि बँकेचीही नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकावर येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. त्यानंतर गेलेल्या पैशाची जबाबदारी बँकेची. त्यामुळे लाजेने गप्प बसणं महागात पडतं.

पोलीस ठाण्यात जाताना स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट न्या. चॅट डिलीट करू नका. ‘हद्द आमची नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआरची मागणी करा. गुन्हा कुठेही नोंदवता येतो.

आणि हो, ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असा फोन आला, तर तीही फसवणूकच. बँकेचा क्रमांकही गुगलवर शोधू नका, एटीएम कार्डाच्या मागे छापलेला असतो.