पाहुण्यांना रंगमंच, घरच्यांना रेशन

५, ८ आणि १५. १९३०च्या दशकाच्या मध्याला सोव्हिएत रशिया बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्याला ‘इंटूरिस्ट’ ही सरकारी पर्यटन संस्था रोजचे हे तीन दर सांगायची, तेही डॉलरमध्ये. तिसरा वर्ग ५, टूरिस्ट ८, पहिला १५. राहणं, जेवण, दुभाषा त्यातच. तेव्हा आपला रुपया १८ पेन्सला बांधलेला होता. त्या हिशेबाने डॉलर पावणेतीन रुपयांच्या आसपास आणि पहिल्या वर्गाचा एक दिवस सुमारे ४० रुपयांचा.

याच इंटूरिस्टने १९३३पासून मॉस्कोत परदेशी पाहुण्यांसाठी नाट्यमहोत्सव भरवला. पुढे १ ते १० सप्टेंबर या तारखाच ठरून गेल्या. दहा दिवसांचे तीन वर्गांचे दर मांडले तर ५०, ८० आणि १५० डॉलर होतात.

समाजवादी सरकारला हा खटाटोप कशाला हवा होता? १९२८च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून यंत्रं परदेशातून आणायची, तर परकीय चलन लागे. त्यासाठी धान्य विकलं, लाकूड विकलं, हर्मिटाज संग्रहालयातली चित्रंही विकली. चित्र विकलं की घरातून जातं; नाटक मात्र विकूनही घरातच राहतं. वर पाहुणा मायदेशी जाऊन कौतुक करतो, ते वेगळंच.

आता दुसरी बाजू. १ जानेवारी १९३५ला पावाचं रेशन उठलं. म्हणजे १९३३ आणि १९३४चे महोत्सव झाले, तेव्हा मॉस्कोचा कामगार कार्डावर पाव घेत होता: त्याला दिवसाला ८०० ग्रॅम, घरच्या माणसाला ४००. बाहत्तरच्या दुष्काळातली सुकडी आणि रेशनचा मिलो आठवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला यातली मेख समजावून सांगावी लागणार नाही.

मात्र रंगमंचावरचा माल अस्सल होता. १९३५मध्ये ज्यू रंगभूमीवर नट मिखोएल्सने ‘किंग लिअर’ उभा केला, तो पाहून इंग्लंडचा रंगकर्मी गॉर्डन क्रेगही भारावला. दिग्दर्शक मेयरहोल्डच्या प्रयोगांसाठी तर जगभरचे नाटकवाले मॉस्को गाठत.

१९३७चा महोत्सव शेवटचा ठरला. त्यानंतर चार महिन्यांत मेयरहोल्डचं थिएटर सरकारने बंद केलं. जून १९३९मध्ये त्याला अटक झाली आणि २ फेब्रुवारी १९४०ला गोळी घालण्यात आली. महोत्सवाचा जमाखर्च मांडताना ही तारीख खर्चाच्या रकान्यात धरावी लागते.