दंड नव्हे, नजर पाहा!

जानेवारीत जिमच्या सकाळच्या बॅचमध्ये उभे राहायलाही जागा नसते. मोठ्या आवाजात गाणी आणि समोरून ट्रेनरची आरोळी, 'अजून दहा!' पहिल्या रांगेत कॉलेजचा मुलगा, त्याच्या मागे रक्तदाबाची गोळी घेणारे पन्नाशीचे गृहस्थ, कोपऱ्यात गुडघे दुखणाऱ्या काकू. तिघांनाही तोच व्यायाम, त्याच वेगाने.

गटाने केलेल्या व्यायामात उत्साह असतो, सातत्य टिकते. धोकाही त्यातच आहे. शेजारचा थांबत नाही म्हणून आपणही थांबत नाही. अशा वेळी थांबवू शकेल असा एकच माणूस तिथे असतो, तो म्हणजे ट्रेनर. पण त्याची निवड बहुतेकदा पिळदार दंड आणि इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर्स पाहून होते.

प्रमाणपत्र हवे, पण...

शारीरिक शिक्षणाची पदवी किंवा मान्यताप्राप्त फिटनेस ट्रेनर अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र हवेच. मात्र तेवढ्यावर भागत नाही. नेमणुकीआधी वेगवेगळ्या वयाच्या आठ-दहा जणांचा पंधरा मिनिटांचा वर्ग घ्यायला सांगावे. उमेदवार आरशाकडे तोंड करून स्वतःच व्यायाम करत राहतो, की रांगांमधून फिरतो? गुडघेदुखी असलेल्याला उड्यांऐवजी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा पर्याय देतो का? बोलायला लावून दम तपासतो का? मध्यम व्यायामात बोलता येते, गाता येत नाही. दोन-चार शब्दांतच श्वास तुटत असेल, तर व्यायाम जोराचा झाला आहे.

मुलाखतीतले चार प्रश्न

पहिला : नव्या सभासदाला काय विचाराल? छातीत दुखणे, चक्कर, हृदयविकार, चालू औषधे यांची चौकशी आधीच व्हायला हवी. 'पार-क्यू' ही सात प्रश्नांची सोपी प्रश्नावली त्यासाठी जगभर वापरतात.

दुसरा : रक्तदाबाच्या रुग्णाला काय सांगाल? श्वास रोखून वजन उचलले की रक्तदाब एकदम चढतो. 'बीटा ब्लॉकर' गटातील गोळ्यांमुळे नाडी फारशी वाढत नाही. म्हणून केवळ घड्याळातला आकडा पाहून वेग वाढवू नये.

तिसरा : इन्सुलिन घेणाऱ्याला वर्गात घाम सुटून थरथर होऊ लागली तर? साखर उतरल्याची ही लक्षणे आहेत. व्यायाम थांबवून, तो शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी.

चौथा : कुणी कोसळले, प्रतिसाद देत नाही, श्वास नीट नाही, तर? १०८ ला फोन आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब. हे तोंडी सांगून चालणार नाही, पुतळ्यावर करून दाखवायला हवे.

पहिल्याच दिवसाचा अतिरेक

सवय नसलेल्याकडून पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढून घेतल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले मायोग्लोबिन रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. याला 'ऱ्हॅब्डोमायोलिसिस' म्हणतात. व्यायामानंतर स्नायूंना असह्य वेदना, सूज आणि कोऱ्या चहासारखी लघवी दिसली, तर घरी शेकत न बसता थेट रुग्णालय गाठावे. नव्या सभासदाला पहिले दोन-तीन आठवडे अर्ध्यावर ठेवणारा ट्रेनर आळशी नसतो, जाणता असतो.

मालकाने आणखी एक पथ्य पाळावे. ट्रेनरची कमाई पावडरच्या डब्यांवरील कमिशनवर अवलंबून ठेवू नये. नाहीतर सल्ला आणि विक्री यांतला फरक पुसला जातो. इंजेक्शन वा 'झटपट वजन वाढवणारी' गोळी सुचवणाऱ्याला तर दारच दाखवावे.

सभासदांनीही पैसे भरण्याआधी एक वर्ग नुसता बसून पाहावा. 'अजून दहा' कुणीही ओरडू शकतो. एखाद्याचा चेहरा पाहून 'काका, आज इतकेच पुरे' म्हणणारा ट्रेनर जिथे असेल, तिथे नाव नोंदवावे.