विझत नाही तो दिवा काय सांगतो?

मोटारीची किल्ली फिरवली की चालकासमोरच्या डॅशबोर्डवर तांबडे-पिवळे दिवे क्षणभर लागतात आणि एंजिन सुरू होताच एकामागून एक मालवतात. बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. एखाद्या दिवशी मात्र त्यांतला एक दिवा मालवतच नाही. गाडी नेहमीसारखी धावते, आवाज बदललेला नसतो, वेगही तोच असतो. दिवा तेवढा जळत राहतो. पहिले दोन दिवस मालक अस्वस्थ असतो; तिसऱ्या दिवसापासून दिव्याची त्याला सवय होते. सारा धोका या सवयीत आहे.

हा प्रश्न समजून घेण्यास चेन्नईच्या गिंडी भागाचे उदाहरण सोयीचे आहे. शहराच्या दक्षिण भागातले गिंडी हे यंत्रविद्येचे जुने ठाणे. १७९४ साली मद्रासेत निघालेल्या भूमापन शाळेतून वाढलेले अभियांत्रिकी महाविद्यालय १९२० मध्ये येथे आले. १९५८ साली लहान कारखानदारांसाठी येथे औद्योगिक वसाहत उभारण्यात आली. याच भागाच्या उत्तरेकडून अड्यार नदी समुद्राकडे जाते. एरवी शांत दिसणाऱ्या या नदीने डिसेंबर २०१५ मध्ये रौद्र रूप धारण केले. १ डिसेंबरच्या एका दिवसरात्रीत तांबरमला सुमारे ४९ आणि गिंडीजवळच्या मीनंबाक्कम येथे सुमारे ३५ सेंटिमीटर पाऊस कोसळला. काठच्या वस्त्यांत पाणी शिरले, विमानतळ काही दिवस बंद राहिला आणि शहरातल्या हजारो मोटारी पाण्याखाली गेल्या.

पूर ओसरतो, गाद्या उन्हात वाळतात, रंग पुन्हा चकाकू लागतो. मात्र आसनाखालच्या तारांच्या जोडांत शिरलेला ओलावा आणि गाळ सहजासहजी निघत नाही. तांब्या-पितळेवर हिरवट थर चढतो, आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, सारे विसरून गेल्यावर, एक दिवा लागतो तो विझत नाही.

रंगांची भाषा

दिव्यांचे रंग यदृच्छेने ठरलेले नाहीत. तांबडा दिवा 'थांबा' असे सांगतो. चालत्या गाडीत झारीच्या चित्राचा तांबडा दिवा लागला, तर एंजिनातील वंगणाचा दाब घटला आहे असे समजावे. अशा वेळी गाडी सुरक्षित जागी ताबडतोब उभी करून एंजिन बंद करावे. 'घरापर्यंत जाऊ' म्हणणाऱ्याचे एंजिन वाटेतच घासून जाऊ शकते. उष्णतामापकाचा तांबडा दिवाही असाच तातडीचा होय. पिवळा दिवा 'लवकर तपासा' एवढेच सांगतो. त्यांतही भेद आहे. एंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश कारागिराकडे नेता येते. तो लुकलुकत असेल तर बहुधा एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील महागड्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो निकामी करते.

एंजिनाचा हा दिवा मुळात हवेच्या स्वच्छतेसाठी जन्मला. कॅलिफोर्नियातील शहरांवर दाटणारे धुरके मोटारींच्या धुरामुळे होते असे दिसून आल्यावर, एंजिनातील दोष गाडीनेच ओळखून सांगावा अशी सक्ती तेथे झाली. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत नव्या मोटारींसाठी एकच पद्धत लागू झाली. भारतात ही व्यवस्था २०१० मध्ये आली आणि २०१३ पासून अधिक कडक झाली. आता गाडीतला छोटा संगणक प्रत्येक दोष एका क्रमांकाने टिपून ठेवतो आणि कारागीर तो स्कॅनरवर वाचतो.

येथेच मोठा गैरसमज होतो. क्रमांक ही तक्रार असते, निकाल नव्हे. 'पी ०४२०' याचा अर्थ कन्व्हर्टर अपेक्षेइतके काम करताना दिसत नाही, एवढाच. दोष कन्व्हर्टरचा असेल, धुरातील प्राणवायू मोजणाऱ्या सेन्सरचा असेल, किंवा नळीच्या सांध्यातून धूर गळत असेल. क्रमांक वाचून लगेच नवा भाग बसवणे म्हणजे ताप आहे हे पाहून निदानाशिवाय औषध देण्यासारखे आहे.

आसनाखालचा जोड

पुरात भिजलेल्या गाडीत सर्वांत चिवट ठरतो तो एअरबॅगचा दिवा. अपघाताच्या धक्क्यानंतर सुमारे ३० सहस्रांश सेकंदात ही पिशवी फुगते. तिला पेटवणाऱ्या बारीक तारेचा विद्युत्‌रोध अवघा दोन ओहमच्या आसपास असतो. गाडीचा संगणक तो सतत मोजत असतो. जोडावर गंजाचा पातळ थर आला आणि रोध थोडासा वाढला, तरी संगणक तो दोष मानून दिवा लावतो. दिवा लागलेला असताना प्रसंगी पिशवी फुगेलच याची खात्री उरत नाही.

पुष्कळ गाड्यांत बाजूच्या पिशव्यांच्या व पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेच्या तारा पुढच्या आसनांखालून जातात. त्यांच्या जोडांना कारागीर 'कपलर' म्हणतात. त्यांचा रंग बहुधा पिवळा असतो. पाणी प्रथम येथे पोचते. पाणी न शिरताही, आसन वारंवार पुढेमागे सरकवल्याने हे जोड सैल होऊ शकतात. म्हणून अनुभवी कारागीर नवी पिशवी मागवण्याआधी आसनाखाली डोकावतो. हे काम मात्र घरी करू नये. बॅटरीची तार सोडून, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबून, जाणत्यानेच ते जोड हाताळावेत. साध्या मीटरने त्या तारा मोजू नयेत. मीटरच्या प्रवाहानेही पिशवी उडण्याचा संभव असतो.

एकाच वेळी तीन-चार दिवे लागले तर मालक घाबरतो. वास्तविक अशा वेळी कारण बहुधा एकच असते. बॅटरी अशक्त झालेली असते किंवा गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार गंजलेली असते. स्वस्त व सोपे ते आधी पाहावे, महाग ते शेवटी, हा नियम येथे पैसा आणि वेळ दोन्ही वाचवतो.

दिवा विझवणे आणि दोष काढणे

स्कॅनरने क्रमांक पुसून टाकला की दिवा विझतो. कारण तसेच राहिले असेल तर तो काही दिवसांनी पुन्हा लागतो. दुरुस्ती झाली की नाही याची कसोटी सोपी आहे: काय बिघडले होते आणि काय बदलले, हे कारागिराने सांगितले पाहिजे. नुसते 'दिवा घालवला' हे उत्तर पुरेसे नाही.

याहून वाईट प्रकार म्हणजे दिवाच काढून टाकणे किंवा त्यावर काळी पट्टी लावणे. जुनी गाडी विकताना असे केलेले आढळते, आणि पुरात भिजलेली गाडी दूरच्या गावी विकली जाणे मुळीच अशक्य नाही. म्हणून जुनी मोटार घेणाऱ्या कुटुंबाने एक परीक्षा अवश्य करावी. एंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवावी. एंजिन, वंगण आणि एअरबॅग यांचे दिवे प्रथम लागले पाहिजेत. त्यानंतर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत, आणि बाकीचे दोन एंजिन सुरू होताच मालवले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तो जळत राहणाऱ्या दिव्याहून अधिक संशयास्पद समजावा. मग गालिचा उचलून खालचा गाळ पाहावा, आसनांच्या खिळ्यांवरचा गंज पाहावा, पट्टा पूर्ण ओढून त्यावर पाण्याची रेषा आहे का ते पाहावे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा मुंबईच्या रस्त्यांवर गाड्या बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीने तेच दुःख पाहिले. पाण्यात उभी राहिलेली गाडी ओसरताच सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडरात पाणी असेल तर पहिल्याच फेऱ्यात एंजिनचे दांडे वाकतात. बॅटरी सोडवावी, गाडी ओढून न्यावी, आणि जोड उघडून, धुऊन व वाळवून घ्यावेत.

त्या गाडीत उद्या आपली मुले बसणार असतात. मागे राहिलेल्या दोषाची आठवण करून देणारा तो लहानसा दिवा कारणासह विझेपर्यंत त्याच्याकडे पाठ फिरवू नये.